पाटोद्याचा फ्रीज, पालीचा सोफा

चतुराबाईच्या घरातल्या वस्तूंना गावांची नावं होती. फ्रीज पाटोद्याचा, सोफा पालीचा, आरसा केजचा, धुण्याची मशीन गेवराईची. नव्या माणसाला वाटायचं, बाईनं अख्खा जिल्हा पालथा घालून जिथलं जे नामी ते उचलून आणलंय. तसं काही नव्हतं. माल सगळा बीडच्या एकाच रस्त्यावरचा. नावं होती ती नकार देणाऱ्या गावांची.

चतुराबाईचा एकुलता एक पोरगा विलास चौसाळ्यात पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवतो. तारेच्या वेटोळ्यात हात तरबेज, पण तोंड चार दिवसांतून एकदा उघडणार. वय बायोडाटात अठ्ठावीस. गेली तीन वर्षं अठ्ठावीसच आहे. पोरगी पोटातच नको म्हणायचं आणि पंचवीस वर्षांनी सुना हुडकत दारोदार हिंडायचं, हे आमच्याकडचं शहाणपण. त्याची फळं आता विलाससारखी पोरं खातेत. पोरं ढीगभर, पोरी मोजक्या, आणि त्या मोजक्या पोरींचे बाप घर बघून नाक मुरडणार. मुरडू द्या. इतक्या पिढ्या नाक खाली घालून काढल्यावर तेवढा हक्क झालाच.

सोयरिकी आणायचा तो त्रिंबक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, लिहायचं एकानंही नाही. त्यानं पहिली आणली पाटोद्याची. मंडळी आली, पोहे खाल्ले, घर बघितलं, गेली. दोन दिवसांनी त्रिंबकचा फोन, की पोरगं पसंत आहे, पण घरात फ्रीज नाही म्हणत्यात. विलासच्या बापानं आठ दिवसांत फ्रीज आणला. तोवर पाटोदेकरांनी पोरगी दुसरीकडं दिली होती. फ्रीज राहिला. त्यात पाण्याच्या तीन बाटल्या, कोथिंबिरीची जुडी आणि शेजारच्या छबुबाईच्या शेळीचं औषध. थंड पाण्यानं बापाचा घसा धरायचा आणि आईच्या दातांत कळ जायची. म्हणजे फ्रीज खरा शेळीचाच.

बापाचं नाव कारभारी. आमच्याकडं बायका नवऱ्याला कारभारीच म्हणतात, त्यामुळं चतुराबाई नवऱ्याचं नाव घ्यायची आणि घेतलं नाही असंही व्हायचं. नावापुरता तो कारभारी, बाकी कारभार तिचा.

मग पालीचे आले. त्यांना सतरंजीवर बसावं लागलं. त्यांच्या नकारातून सोफा आला. त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही असा विलासचा हुकूम. उन्हाळ्यात पाव्हणा त्याच्यावर बसला की चिकटायचा आणि उठला की असा आवाज यायचा की पाव्हण्यानंच चोरून इकडंतिकडं बघावं. केजच्या नकारातून कमरेएवढ्या कपाटाचा, पुरुषभर आरसा आला. घरात माणसं तीन, एकाला टक्कल पडायला लागलेलं, एकाला पडून गेलेलं, आणि तिसरी आरशाला बघून म्हणायची, येवढी मोठी मी मला कशाला पायजे. गेवराईनं धुण्याची मशीन आणली. गावात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. तेव्हा चतुराबाईनं त्या मशीनमध्ये बाजरी भरली. झाकण घट्ट, उंदराला बटणं दाबता येत नाहीत. बाजरी कधी इतकी सुखात राहिली नव्हती.

आष्टीच्या नकारातून आलं जेवायचं टेबल, सहा खुर्च्यांसकट. ते बरोबर पंख्याखाली मावलं, आणि पंख्याखालची ती जागा कारभारीची दुपारच्या झोपेची. म्हाताऱ्यानं तक्रार केली नाही. तो टेबलाखाली झोपायला लागला. छबुबाई एकदा ताक मागायला आली आणि टेबलाखालून घोरण्याचा आवाज ऐकून तिला वाटलं, कुत्रं शिरलंय. तिनं हाड म्हणून पाय आपटला, तर कारभारी बाहेर आला.

सहावी सोयरीक शिरूरची. घर आता नुसतं भरलेलं नव्हतं, कोंबलेलं होतं. पाव्हणे आडवे होऊन आत आले, सोफ्याच्या कोपऱ्याला गुडघा लावून बसले. तिसऱ्या दिवशी त्रिंबकचा फोन आला. सगळं पसंत आहे म्हणाला, पण मंडळी म्हणत्यात, घर लई दाटीचं हाय, आमची पोरगी उभी कुठं राहील.

चतुराबाई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. त्रिंबक तिकडून सांगत होता की काही अडचण नाही, वर एक खोली काढा, नाहीतरी सगळे काढायलेतच.

"त्रिंबकराव," ती म्हणाली, "मग तिला शिरूरची खोली म्हणायचं का?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माळ्यावरून पेटी काढली.

पेटी म्हणजे पत्र्याची, हिरव्या रंगाची, कडी तुटलेली. चतुराबाई आणि कारभारी यांनी बावीस साल ऊस तोडला. दसरा झाला की निघायचं, पाडव्याच्या आसपास यायचं. अर्धं वर्ष गावात, अर्धं कारखान्यावर. त्या सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपल्या वाट्याला आलेल्या कोपऱ्यात बसला पाहिजे. एका जोडीला एक पेटी. तिच्यात कपडे, मीठ-मिरची, तवा, डबे. पेटीवर भाकरीची काठवट, काठवटीवर अंथरुणाचं बोचकं, बोचक्यावर पोरगं, पोराच्या मांडीवर कोंबडी. विलास असाच सहा वर्षांचा होईपर्यंत बोचक्यावर बसून गेला आणि आला. पुढं तिचे गुडघे गेले, तेव्हा ते थांबले आणि स्लॅबच्या तीन खोल्या बांधल्या.

तिनं पेटी अंगणात ठेवली आणि कारभारीला सांगितलं, कारखान्याला निघायचंय असं धरा. घरातली एक एक वस्तू घ्यायची आणि विचारायचं, ही न्यायची का? न्यायची तर ठेवायची. नसेल न्यायची तर निघाली.

कारभारीला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण टेबल न्यायचं का असं तिनं विचारल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो म्हणाला, अजिबात न्हाई.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारे शिकलेले लोक भलतंच समजून बसतील. चतुराबाईला गरिबीचा पुळका नव्हता. ऊसतोडीच्या आठवणीनं तिला कधी गहिवर आला नाही. कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, वाकून जावं लागायचं, पाऊस आला की आत पावसापेक्षा जास्त पाणी, आणि विंचवांना आपलं घर कोणतं, माणसांचं कोणतं हे कळत नव्हतं. गावात एकदा एक सुटाबुटातला पाव्हणा साध्या राहणीवर भाषण देऊन गेला. म्हणाला, गरीब माणूसच खरा सुखी. ती छबुबाईच्या कानात म्हणाली होती, याच्या तोंडात पाचट कोंबावं. तिचं म्हणणं एवढंच, की बावीस साल पेटीभर वस्तूंवर जगताना वस्तू कमी पडल्या नव्हत्या. पाणी कमी पडायचं, झोप कमी पडायची, आणि बाईला आडोसा कमी पडायचा. आता घरात वस्तू मोप झाल्या, पण पाणी पाचव्या दिवशीच येतंय.

दोन दिवसांत घर मोकळं झालं. सोफा गावाबाहेर फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात गेला, कारण तिथं म्हातारे दगडावर बसून बसून कण्हायचे. टेबल ग्रामपंचायतीनं नेलं. खुर्च्या सहा आणि मेंबर सात, तेव्हापासून आमच्या पंचायतीत कोरमचं कधी अडत नाही, सगळे वेळेच्या आधी येतात. आरसा प्रविणच्या सलूनात गेला. फ्रीज छबुबाईनं नेला, शेळीच्या औषधासकट. मशीन तेवढी राहिली, कारण तिच्यातली बाजरी काढून ठेवायला पोतं सापडत नव्हतं.

विलास संध्याकाळी दुकानातून आला. दारात उभा राहिला, परत बाहेर जाऊन घराचा नंबर बघितला. मग त्यानं चार दिवसांचं बोलणं एकदम केलं.

"आई, माझं लगीन मोडायचंय का तुला?"

"मोडायला आधी जमाय पायजे की बाळा."

तो न जेवता झोपला. कारभारी मात्र पंख्याखाली हातपाय पसरून, कित्येक महिन्यांनी चारी दिशांना लोळून झोपला.

इथवर ठीक होतं. पण तिच्याकडून एक चूक झाली, आणि ती चूक आमच्याच भागात होऊ शकते. दुसरीकडं कुणी अंगणात पेटी धुऊन वाळत घातली, काठवट घासली, गोधड्या उन्हाला टाकल्या, तर लोक म्हणतील, दिवाळीची साफसफाई चाललीय. आमच्याकडं दसरा आठ दिवसांवर आलेला असताना अंगणात पेटी, काठवट आणि बोचकं दिसलं की त्याचा अर्थ एकच. निघाले.

सकाळीच आदिनाथ मुकादम मोटरसायकलवर आला. टोळ्या जमवून कारखान्याला पाठवणं हा त्याचा धंदा. गाडी स्टँडला न लावताच त्यानं विचारलं, "मावशी, यंदा परत? कोणत्या टोळीत?"

चतुराबाई काठवट पुसत होती. ती काही बोलायच्या आत आदिनाथनं मनातल्या मनात माणसं धरली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सुटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आदिनाथनं तिच्याकडं बघितलं, कारभारीकडं बघितलं, दारात ब्रश करणाऱ्या विलासकडं बघितलं आणि म्हणाला, "विलासबी हाय ना? मंग दीड कोयता धरतो."

कुठंच जात नाही असं त्याला पटवायला तिला अर्धा तास लागला, आणि तरी त्याला वाटलं, बाईनं दुसऱ्या मुकादमाला शब्द दिलाय. तो गेला तसा गावभर निरोप गेला. चौसाळ्यात विलासच्या दुकानासमोरून जाणारा जो तो विचारायला लागला, काय बे दीड कोयता, कधी निघायचं? विलास मान खाली घालून तार गुंडाळत राहायचा. घरी येऊन फक्त आईकडं बघायचा. त्या बघण्यापेक्षा त्यानं भांडलेलं परवडलं असतं.

निरोप पालीलाही गेला. आणि पालीत त्याच आठवड्यात त्रिंबकनं सातवी सोयरीक ठरवत आणली होती. पोरीचं नाव तेजश्री. बीडला फ्रीज-टीव्हीच्या दुकानात काउंटरवर बसायची. बाप सुंदरराव धरणाच्या खाली भाजीपाला करणारा, स्वभावानं भित्रा, पण इज्जतीला जपणारा. हल्ली कोयत्याच्या घरात कुणी पोरगी देत नाही. तोडणारेसुद्धा देत नाहीत. सुंदररावानं त्रिंबकला फोन करून विचारलं, पोराचं दुकान आहे म्हणाला होतात, आता ऐकतो की सगळं घरच कारखान्याला निघालंय. रविवारी येऊन डोळ्यांनी बघतो, मग काय ते.

त्रिंबक धापा टाकत आला. त्याचं म्हणणं, फक्त रविवारपुरतं सगळं सामान परत आणा. माणूस घर बघायला येतोय, आणि घरात बघायला काही नको का? विलास खांबाला टेकून उभा होता. तो हळू म्हणाला, "आई, ही बी गेली तर मी जल्मभर अर्धा कोयताच."

चतुराबाईचा जीव लेकरात. तिनं अर्धी घटका पदराचं टोक पिळलं आणि म्हणाली, आणा.

आणि खरी गंमत पुढंच झाली. पोरासाठी ती वाकली, पण गाव वाकायला तयार नव्हतं. ती फाट्यावर गेली तर सोफ्यावर चार म्हातारे बसलेले. त्यातला म्हाळूबाबा सगळ्यात थोरला. त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि सांगितलं, दान दिलेली वस्तू माघारी नेली की घरात पाल पडती. उरलेल्या तिघांनी माना हलवल्या आणि जास्तच रेलून बसले. ग्रामपंचायतीत टेबलावर मीटिंग चालू होती, ती त्या दिवशी संपलीच नाही. प्रविण म्हणाला, आरसा न्या, पण भिंतीला चार स्क्रू मारलेत, भिंतीसकट न्यावा लागंल. राहिली छबुबाई. तिनं फ्रीज उघडून दाखवला. आत रंगीत पाण्याच्या बर्फाच्या कांड्या खच्चून भरलेल्या. तिनं शाळेच्या पोरांना विकायचा धंदा काढला होता.

"ह्या कुठं वतू, सांग," छबुबाई म्हणाली. "अन् माय, तूच म्हणलीस ना कारखान्याला न्यायचा न्हाई म्हणून."

चतुराबाई रिकाम्या हातानं परत आली. दारात त्रिंबकनं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही न्हाई, गावानं माझंच म्हणणं मनावर घेतलंय.

रविवारी सुंदरराव, त्यांची बायको मनिषा आणि तेजश्री एसटीनं फाट्यावर उतरले. ऊन चढलेलं. म्हाळूबाबानं पाव्हणे बघून बाकीच्यांना उठवलं आणि सोफ्यावर जागा केली. कुठले, म्हणून विचारलं. सुंदरराव म्हणाले, पालीचे.

"मंग बसा की बिनघोर. तुमचाच हाय. पालीचा सोफा."

सुंदररावांना कळेना. म्हाळूबाबाला सांगायला वेळ भरपूर होता. त्यानं पालीचा सोफा सांगितला, मग पाटोद्याचा फ्रीज, केजचा आरसा, असं करत शिरूरच्या दाटीपर्यंत आला. सोफ्यावर सुंदररावांची चुळबूळ सुरू झाली, कारण घरात सोफा नाही म्हणून पालीहून नकार देणारा माणूस त्यांचाच चुलतभाऊ होता. तेजश्री दुसरीकडं तोंड करून हसत होती. उठताना सोफ्यानं आपला आवाज काढलाच.

घरात आले. ओटा सारवल्यासारखा स्वच्छ, आत सतरंजी, भिंतीला पेटी, पेटीवर गोधड्यांची घडी, वर फिरणारा पंखा. विलासनं नवा शर्ट घातलेला आणि तोंड मिटलेलं. कारभारी कौतुकानं पंख्याकडं बघत होता. पाणी झालं, पोहे झाले. सुंदररावांची नजर पेटीवरून हटेना. शेवटी त्यांनी विचारलंच.

"ताई, खरं सांगा. पेटी काढलीय. कारखान्याला निघालाव ना?"

"कावून? पेटी काढली की जावंच लागतं का?" आमच्याकडं 'का' असं तुटकपणे कुणी विचारत नाही. 'कावून' असं ऐसपैस विचारतात, म्हणजे उत्तराला बसायला जागा राहते. चतुराबाईनं मग आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बावीस साल तोडलं, लपवायचं काय? आता जात नाही, पोरगं जाणार नाही. घर भरलं होतं ते तुमच्यासारख्या पाव्हण्यांच्या धाकानं. तो धाक गावात वाटून टाकला. बघायचं तर दुकान बघा, पोरगं बघा. घरात बघायला आता आमी तिघंच राहिलोत.

त्रिंबकनं डोळे मिटून घेतले. त्याला हा प्रकार म्हणजे मेलेल्या सोयरिकीचं दहावं वाटत होतं.

मनिषाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. इतक्यात तेजश्री उठली आणि म्हणाली, मी आतलं घर बघते. चतुराबाई मागं गेली. आत चूल नव्हती, गॅस होता, मोजकी भांडी होती, आणि कोपऱ्यात गेवराईची मशीन. पोरीनं सवयीनं झाकण उघडलं. आत काठोकाठ बाजरी. तिनं मूठभर घेतली, परत सोडली.

"ही आमच्याच दुकानातून आलीय, मावशी. बहुतेक मीच विकलीय. दोघं आलते ना, एक बाबा आणि एक अजिबात न बोलणारा?"

चतुराबाईनं मान हलवली. न बोलणारा कोण, ते सांगावं लागलं नाही.

तेजश्री म्हणाली, "आमच्या काउंटरवर कळतंच. पोराची आई तोंड पाडून आली की समजायचं, काल सोयरीक मोडलीय. मालक म्हणतो, हिला वरचं मॉडेल दाखव. दिवसभर त्याच खोक्यांत उभी राहते मी. घरी जाऊन पुन्हा दुकानातच बसल्यासारखं नको मला." मग तिनं बाजरीवर झाकण ठेवलं. "पण मशीन पायजे."

चतुराबाई सावध झाली. इथंच पाटोदा झालं होतं, इथंच पाली झाली होती. "पाणी पाचव्या दिवशी येतं," ती म्हणाली.

"बादल्यांनी टाकीन. सात तास काउंटरला उभं राहून आल्यावर तेलाच्या आणि वार्निशच्या पॅन्टी मी घासणार नाही. तुमीबी घासू नका, गुडघे बघा तुमचे. तुमचा नियम काय, एका कोयत्याला एक पेटी?"

"व्हय."

"मग माझी पेटी मी भरते. मशीन माझ्या पेटीतली धरा. बाकी तुमचं तुमी."

बावीस साल चतुराबाईनं पेटी भरली होती, पण पेटीत काय घालायचं ते कधी तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती बाहेर आली, विलासला हाक मारली आणि म्हणाली, "पोतं आण कुठून तरी. बाजरी काढायचीय."

विलासला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो असा पळाला की चप्पल घालायची राहिली.

सुंदरराव मात्र अजून अडलेले. पोरीला पसंत होतं, बायकोला पंखा आवडला होता, पण त्यांना लोकांची भीती. आमच्याकडं लग्नात पोरीला भांडीकुंडी, कपाट, पलंग देतात, त्याला 'संसार दिला' म्हणतात. पेटीभर दिलं तर पाली काय म्हणेल? चुलतभाऊ काय म्हणेल? चतुराबाईनं सांगून टाकलं, की एक पेटी आणि मशीन. तिसरी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. ते हो हो म्हणाले. हो हो म्हणणाऱ्या बापावर विश्वास ठेवू नये.

लग्न मार्गशीर्षात झालं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पालीहून टेंपो आला. पलंग, गादी, कपाट, मिक्सर, भांड्यांचं पिंप, भिंतीवरचं हरणाचं चित्र. ड्रायव्हरशेजारी सुंदरराव ओशाळलेले बसलेले. चतुराबाईनं त्यांना चहा दिला, अपमान एका शब्दानंही केला नाही. टेंपोवाल्याला विचारलं, आता रिकामाच माघारी जाणार का? तो हो म्हणाला. मग फाट्यावर दोन मिनिटं थांब, म्हणाली.

तेव्हापासून आमच्या एसटीच्या निवाऱ्यात सोफा आहे, पलंग आहे, आणि ज्या गाडीची वाट बघत बसायचं तिचा बोर्ड कपाटाच्या दारावर लिहिलेला आहे. गाडी दिवसातून दोनदा येते, पण शेजारच्या गावचे लोकही आता आमच्या फाट्यावर येऊन वाट बघतात. म्हाळूबाबा दुपारी पलंगावर असतो. हरणाचं चित्र त्यानं डोक्याशी लावलंय. अजून काही चोरीला गेलेलं नाही. चोराच्या घरीसुद्धा आता ठेवायला जागा नसणार.

विलासनं मधे मोबाइलवर एक व्हिडिओ आणला. पांढऱ्याशुभ्र घरात एक बाई कमी वस्तूंत जगायला शिकवत होती, शिकवायचे पैसे घेऊन. त्याचं मोठं नाव त्यानं आईला वाचून दाखवलं, मिनिमलिझम. छबुबाईनं विचारलं, मलम कशावर लावायचं? चतुराबाईनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि तिला एकच शंका आली, की हिची येवढी पांढरी फरशी पुसतं कोण?

घरात अजूनही वस्तूंवरून वाद होतात. दिवाळीच्या ऑफरमध्ये विलासला काहीतरी उचलायची खाज येते, मग सासू-सुना दोघी मिळून विचारतात, कारखान्याला न्यायचंय का? त्याला घरात आता दोन मुकादम झालेत. फाट्यावर त्याला दीड कोयता म्हणायचं मात्र थांबलं; आता म्हातारे हिशोबानं, मान देऊन, दोन कोयते म्हणतात.

परवा पाचवा दिवस होता. मी ताकाला गेलतो तर चतुराबाई आतल्या खोलीत पाट टाकून मशीनसमोर बसलेली. वर काच आहे तिला, कपडे गरगर फिरलेले दिसतात. ती हनुवटीला हात लावून बघत होती. तेजश्री कामाला गेलेली. मी विचारलं, काकू, टीव्ही बघता का काय?

तिनं मान वळवली नाही. कॅनॉलच्या कडेला, थंडीत, दोन्ही हात पाण्यात घालून बावीस साल धुणं धुतलेली बाई. मशीननं पाणी बदललं.

"कोपीवर लाइट असती तर," ती म्हणाली, "ही येवढी एक बसली असती बघ ट्रॉलीत. पेटी ठेवली असती घरी."